खाऱ्या वाऱ्यात बॅटरीची खुर्ची कशी सांभाळावी

इलेक्ट्रिक व्हीलचेअर विकणारा आधी सांगतो ते हे की, ती एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते आणि किती किलो वजन पेलते. दापोली-हर्णैच्या आमच्या पट्ट्यात या दोन्हींनी फारसं अडत नाही. इथे खुर्ची बिघडते ती खाऱ्या हवेने आणि माणसाला लागतं ते उतारावर. खुर्चीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात या दोन्हींवर जेमतेम चार ओळी असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. लहानपणी पोलिओ झाला. सगळी नोकरी कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर केली. पोलिओ झालेल्यांना पुष्कळ वर्षांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो, त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. तो मला निवृत्तीच्या सुमारास आला, खांदे उत्तर द्यायला लागले आणि घरात बॅटरीची खुर्ची आली. घर मुरुडला, पोफळीच्या वाडीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाली लिहिलंय ते सगळं या खुर्चीवर बसून शिकलेलं आणि गावातल्या वायरमनला, सायकलवाल्याला विचारून पक्कं केलेलं आहे.

आधी ब्रेक समजून घ्या

या खुर्चीचा ब्रेक आपण दाबायचा नसतो, तो कायम लागलेलाच असतो. दोन्ही मोटरींच्या मागे स्प्रिंगने दाबून धरलेला ब्रेक असतो. जॉयस्टिक हलवली की त्याला वीज मिळते, ‘टक’ असा आवाज येतो आणि ब्रेक सुटतो. जॉयस्टिक सोडली, बॅटरी संपली किंवा वायर निघाली तरी स्प्रिंग तो परत लावते. त्यामुळे चढावर खुर्ची मध्येच बंद पडली तर घाबरून उतरायची धडपड करू नका. बसून राहा आणि कुणालातरी हाक मारा.

आता त्या दोन मोटरींवर एकेक लिव्हर असतो, बहुतेक लाल किंवा पिवळा. काही जण त्याला क्लच म्हणतात. तो फिरवला की खुर्ची हाताने ढकलता येते आणि त्या क्षणापासून तिला ब्रेक उरत नाही. बॅटऱ्यांसकट माझ्या खुर्चीचं वजन एका मोठ्या माणसाएवढं आहे, वर मी. एवढं वजन उतारावर एकट्या माणसाला आवरत नाही.

एका लग्नात कार्यालयाच्या दारातल्या उतारावर मी थांबले होते, पुढे वऱ्हाडाची गर्दी. एक मुलगा धावत आला, “बाई, मी ढकलतो,” म्हणाला, खाली वाकला आणि मी काही बोलायच्या आत एका बाजूचा लिव्हर त्याने फिरवलासुद्धा. खुर्ची त्या बाजूने वळली. दुसऱ्या चाकाचा ब्रेक लागलेला होता म्हणून अर्धवट फिरून थांबली. दोन्ही लिव्हर सुटले असते तर खालच्या गाड्यांवर जाऊन आदळले असते. मुलगा मनाने चांगलाच होता, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं एवढंच. तेव्हापासून दोन्ही लिव्हरच्या वर पांढऱ्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘हात लावण्याआधी मला विचारा.’ तुम्हीही असं लिहा, आणि मराठीतच लिहा.

घरातल्या प्रत्येकाला हे शिकवा: लिव्हर फक्त सपाट जागेवर सोडायचा. सोडण्याआधी दुसऱ्याने मागची मूठ घट्ट धरायची. ढकलून झालं की दोन्ही लिव्हर परत जागेवर आणायचे, मग स्विच चालू करून हातभर पुढे-मागे चालवून बघायचं. एक लिव्हर सुटलेला राहिला तर बहुतेक खुर्च्या हलतच नाहीत आणि बीप वाजवत राहतात. ‘खुर्ची चालेना’ म्हणून मला येणाऱ्या फोनमध्ये हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

खुर्चीत बसताना, उतरताना आणि कुणाशी बोलत थांबला असाल तेव्हा स्विच बंद ठेवा. पदराने, पिशवीच्या बंदाने किंवा नातवंडांच्या हाताने जॉयस्टिक हलायला वेळ लागत नाही. उतरताना पायपट्टीवर भार देऊन उभं राहू नका, खुर्ची पुढे कलंडते. साडीचा पदर आणि ओढणी चाकाकडे लोंबणार नाही अशी खोचून घ्या. पट्टा घराच्या अंगणातसुद्धा लावा.

जोतं, पाखाडी आणि शेवाळ

कोकणातलं घर म्हणजे जोतं आलंच. उताराचं प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. दीड फूट जोत्याला अठरा फुटांचा उतार लागतो. हे ऐकून गवंडी हसतो आणि “बाई, सहा फुटांत काढून देतो” म्हणतो. ऐकू नका. सहा फुटांत काढलेला उतार एकास चार होतो, त्यावर खुर्ची मागे उलटू शकते. अंगणात सरळ अठरा फूट मिळत नसतील तर काटकोनात वळवा, वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा ठेवा. तेवढीच जागा वर दारासमोर हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची उतारावरच उभी राहते.

माझा उतार जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे, वर सिमेंटचा कोबा. कोबा ओला असताना त्यावर आडवा खराटा ओढून घेतला, त्याच्या रेघा उमटल्या आणि चाकाला पकड मिळाली. दोन्ही कडांना चार इंचांचा कठडा आहे, म्हणजे पुढचं छोटं चाक बाहेर जात नाही. प्लायवूडचा उतार करू नका. पहिल्याच पावसात तो फुगतो.

आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैपर्यंत जांभ्यावर हिरवं शेवाळ चढतं. इथे तो लागलेला ब्रेकसुद्धा उपयोगी पडत नाही, कारण चाक जागच्या जागी अडकलेलं असतं आणि अख्खी खुर्ची घसरते. पावसाच्या आधी आणि पावसात दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून उतारावर टाकायची, थोडा वेळ ठेवून ताठ खराट्याने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. ते पाणी पूर्ण वाहून जाईपर्यंत खुर्ची तिथे न्यायची नाही, ब्लीचिंगने धातू खराब होतो.

उतारावर चालवायची रीत अशी. वेग सगळ्यात खालच्या आकड्यावर. चढताना अंग थोडं पुढे, उतरताना पाठ मागे टेकलेली. उताराला नेहमी सरळ भिडायचं. तिरकं गेलं की एका बाजूच्या चाकांवर भार येतो आणि खुर्ची आडवी होते. उतारावर वळायचं नाही. उतरताना जॉयस्टिक झटक्यात सोडायची नाही, हळूहळू मध्यावर आणायची. मागे ती दोन बारीक चाकं असतात ना, ती खुर्ची मागे उलटू नये म्हणून असतात. उंबऱ्याला लागतात म्हणून लोक ती काढून टाकतात. उंबऱ्याला पाचर करून घ्या, चाकं काढू नका. तुमची खुर्ची किती अंशांचा चढ आणि किती उंचीचा उंबरा झेपवते हे तिच्या पुस्तकात असतं. तो आकडा कोरड्या, खाचखळगे नसलेल्या जागेवरचा आहे हे मात्र लक्षात असू द्या.

पाखाडीवर, म्हणजे आमच्याकडच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, खुर्ची चालवायचा प्रश्नच नाही. उचलून न्यायची वेळ आली तर माणूस वेगळा आणि खुर्ची वेगळी. हातांचे दांडे ओढले की निघून येतात, म्हणून धरायचं ते खालच्या लोखंडी सांगाड्याला, आणि शक्य असेल तर आधी बॅटऱ्या काढायच्या. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मी जाते ते गाडीने. खुर्ची टेम्पोत असली की स्विच बंद, दोन्ही लिव्हर लागलेले आणि दोर सांगाड्याला बांधलेला. मी स्वतः गाडीच्या सीटवर बसते, टेम्पोतल्या खुर्चीत नाही. खाडी ओलांडायच्या फेरीबोटीवर चढताना बोट टेकून पूर्ण स्थिर होऊ द्या, बाकी वाहनं आधी जाऊ द्या आणि फळीवर ओल असेल तर मागे एक माणूस ठेवा.

मीठ

समुद्रावरून येणारी हवा मिठाचे बारीक कण घेऊन येते. ते खुर्चीवर बसतात, दमट हवेतलं पाणी ओढून घेतात आणि स्क्रू, बेअरिंग, वायरीची टोकं खायला लागतात. मुंबई-पुण्याकडे पाच वर्षं टिकणारा नट आमच्याकडे दोन पावसाळ्यांत हाताने सुटेनासा होतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो रोज करावा लागतो. संध्याकाळी घरी आलं की सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि सांगाडा, चाकांचे रिम, लिव्हर, जॉयस्टिकचा डबा पुसून काढायचा. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने पुसलं तर मीठ आणखी चोळल्यासारखंच होतं. नळीचं पाणी खुर्चीवर कधीच मारू नका. गाडी धुण्याच्या फवाऱ्याने तर पाणी थेट मोटरीत आणि बेअरिंगमध्ये जातं.

महिन्यातून एकदा वायरींचे जोड उघडून बघा. आधी स्विच बंद, चार्जर काढलेला, आणि हातातल्या अंगठ्या-बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवलेलं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची बांगडी आली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. तांब्याच्या टोकावर हिरवट पावडर दिसली तर ती गंजाची सुरुवात. कोरड्या टूथब्रशने झाडा, टोक घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बदलायचे झाले तर नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा.

जॉयस्टिकच्या बुडाशी रबराची घडीदार टोपी असते. ती खुर्चीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तिच्याखाली सगळ्यात महाग. टोपीला चीर पडली की मीठ, पाणी, घाम आत जातो आणि खुर्ची आपोआप वळायला लागते. दर आठवड्याला बोटाने घड्या उघडून चीर आहे का बघा. जॉयस्टिक सोडल्यावर ती स्वतःहून बरोबर मध्यावर येते का, हेही बघा. येत नसेल तर खुर्ची वापरणं थांबवा, त्यात ‘आजचा दिवस चालवू’ असं करू नका.

पावसात बाहेर पडायचंच झालं तर जॉयस्टिकवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, खाली रबर बँड. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, मोटरी चाकाच्या मध्याएवढ्याच उंचीवर असतात. खुर्ची भिजलीच तर स्विच बंद करा, पुसा, पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या. ओल्या खुर्चीला चार्जर लावू नका. खाऱ्या पाण्यात बुडली असेल तर घरी प्रयोग न करता मेकॅनिकला दाखवा.

आणि पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. मला समुद्र फार आवडतो, म्हणून हे जड मनाने लिहिते: बॅटरीची खुर्ची पुळणीवर नेऊ नका. कोरड्या वाळूत पुढची चाकं रुततात, मोटर जोर लावते, तापते आणि यंत्रणा बंद पडते. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट लागते खरी, पण चाकांबरोबर उडणारी खारी वाळू बेअरिंगमध्ये जाते ती कायमची. रुंद फुग्यासारख्या चाकांच्या, हाताने ढकलायच्या वेगळ्या खुर्च्या वाळूसाठी असतात. किनाऱ्यावरच्या पंचायतींनी आणि हॉटेलवाल्यांनी त्या ठेवायला हव्यात, असं मी भेटेल त्याला सांगते. तोवर मी सुरूच्या बनाशी, डांबरी रस्ता संपतो तिथे थांबते.

बॅटरी आणि लाईट

बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्या सीलबंद, जेल किंवा एजीएम प्रकारच्या (आतलं ॲसिड काचेच्या धाग्यांच्या थरात शोषलेलं) असतात, पाणी घालायच्या नाहीत. घडीच्या हलक्या खुर्च्यांत लिथियम असते. कारची बॅटरी बसवून देतो म्हणणारा भेटेल. ती इंजिन सुरू करण्यापुरता एकदम जोर द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास थोडी थोडी वीज द्यायला नाही, आणि तिच्यातलं ॲसिड सांडू शकतं. एक बॅटरी गेली तरी दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच वेळच्या घ्या. जुनी-नवी जोडी लावली की नवीसुद्धा लवकर जाते.

सीलबंद बॅटरी वापरलेल्या प्रत्येक रात्री पूर्ण चार्ज करा, साधारण आठ ते दहा तास, हिरवा दिवा लागेपर्यंत. अर्धवट रिकामी ठेवून दिली की तिच्या आत थर साचतो आणि ती कायमची कमजोर होते. मुंबईला मुलाकडे महिनाभर जाणार असाल तर पूर्ण चार्ज करून, जोड काढून जा. लिथियमचं उलटं: फार दिवस ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरून ठेवा. चार्जर ज्या खुर्चीचा त्याच खुर्चीला. पिन बसते म्हणून दुसऱ्याचा लावू नका. लिथियम फुगलेली दिसली, वास आला, तर तिला चार्जर लावायचा नाही आणि ती घरातही ठेवायची नाही.

चार्जिंग मोकळ्या हवेच्या जागी, चूल आणि गॅसपासून लांब, थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या बोर्डावर. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा फार कडाडतात. ढग गडगडले की चार्जर भिंतीतून काढून ठेवा, नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात पोफळी-नारळ आडवे झाले, विजेचे खांब पडले आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तेव्हापासून हवामान खात्याचा इशारा आला की पहिलं काम खुर्ची पूर्ण चार्ज करणं. इन्व्हर्टरवर चार्ज होते का, असं विचारतात. हिशोब करा: ४० अँपिअर-अवरच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या म्हणजे ९६० वॉट-अवर, आणि घरातली १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी १८०० वॉट-अवरची. म्हणजे खुर्ची रिकामी असेल तर निम्म्याहून जास्त इन्व्हर्टर एकटी ओढते. साइन वेव्ह इन्व्हर्टर (घरच्या लाईटसारखीच वीज देणारा) असेल तर दिवसा तासभर चार्ज करून शौचालय आणि स्वयंपाकघर एवढंच फिरणं भागवता येतं. साधी ढकलायची खुर्चीही घरात हवीच, तिला लाईट लागत नाही.

साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. पूर्ण चार्ज होऊन काही तास झाल्यावर प्रत्येक बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास किंवा वर दाखवते. एक १२.७ आणि दुसरी १२.२ दाखवत असेल तर दुसरी निकामी होत चाललीय. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, आत शिसं असतं. नवी घेताना दुकानदारालाच परत द्या, बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

चाकं

हवेचे टायर असतील तर टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याएवढीच हवा, दोन्ही बाजूंना सारखी. खुर्ची एका बाजूला ओढत असेल तर आधी हवाच बघा. गॅरेजच्या मोठ्या कॉम्प्रेसरने हा छोटा टायर क्षणात फुटू शकतो, हातपंपाने भरा. पंक्चर काढणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुष्कळ रिम दोन तुकड्यांचे, बोल्टने जोडलेले असतात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट उघडले तर रिम उसळून तोंडावर येतं. आमच्या सायकलवाल्याला हे माहीत नव्हतं, आता तो प्रत्येक वेळी आधी हवा सोडून मला दाखवतो.

पुढच्या छोट्या चाकांच्या आसात आमच्या वाडीत काथ्या, पोफळीच्या सोलांचे धागे आणि केस गुंडाळले जातात. चाक जड होतं, मग थरथरतं. दर महिन्याला लांब चिमट्याने आणि जुन्या ब्लेडने ते काढा. तेल मात्र ओतू नका, वाळू चिकटते.

मे महिन्यात काळ्या रेक्झिनची सीट आणि लोखंडी दांडे उन्हात भाजतील इतके तापतात. मला पोलिओमुळे कमजोरी आली तरी संवेदना आहे, चटका कळतो. झाडावरून पडून मणक्याला मार बसलेले पुष्कळ जण आपल्या भागात आहेत. त्यांना कमरेखाली कळत नाही आणि मांडीला फोड आलेला रात्री दिसतो. खुर्ची सावलीत लावा, वर सुती टॉवेल टाका, बसण्याआधी हाताने तपासा. त्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका कुल्ल्यावर कलून जागा मोकळी करायचीच, खुर्ची कितीही मऊ असली तरी.

पिशवीत माझ्याबरोबर ॲलन की, दहा नंबरचा पाना, जादा फ्यूज, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मेकॅनिकचा नंबर कागदावर लिहिलेला असतो. बिघाड झाला की पॅनलवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि फोनवर तोच आकडा सांगा. मेकॅनिकला त्यावरून मोटर, ब्रेक की बॅटरी ते कळतं आणि तो चिपळूणहून येताना बरोबर सुटा भाग घेऊन येतो. संध्याकाळनंतर बाहेर पडत असाल तर मागे आणि चाकांच्या बाजूला रेडियमच्या पट्ट्या चिकटवा, आमच्या वळणांवर गाड्यांना खुर्ची कमी उंचीमुळे दिसत नाही.

वर्षातून एकदा खुर्ची पूर्ण उघडायची ती मृगाच्या आधी, घराला झापं बांधायचं काम चालू असतं त्याच आठवड्यात. मोटरीतले कार्बन ब्रश, ब्रेक, बेअरिंग, टायर, जॉयस्टिकची टोपी आणि बॅटऱ्यांचे व्होल्ट, एवढं मेकॅनिककडून समोर बसून तपासून घ्या आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा.